हिमालय उचलला कोणी, आणि कोयना-किल्लारी का हादरलं? भूपट्टांवर सविस्तर धागा

भूस्तर

नेपाळात किंवा दिल्लीत जमीन हलली की दोन वाक्यं हमखास वाचायला मिळतात. "भारतीय प्लेट वर सरकतेय म्हणून झालं" आणि "लहान धक्के बसताहेत ते बरंच आहे, ताण निघून जातोय". पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं साफ चूक. हिमालय समोर ठेवून दोन्ही नीट सोडवू. सह्याद्री, कोयना आणि किल्लारी यांचा हिशोब वेगळा आहे. त्यावर प्रतिसादांत बोलूच.

आधी प्लेट म्हणजे काय ते पक्कं करू. भूकवच आणि त्याच्या खालचा प्रावरणाचा थंड, टणक भाग मिळून एक भूपट्ट होतो. जाडी साधारण १०० किमी, समुद्राखाली कमी, जुन्या खंडांखाली बरीच जास्त. या पट्टाखाली लाव्हाचा समुद्र आहे ही समजूत डोक्यातून काढून टाका. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून व्यवस्थित जातात. याहून सरळ पुरावा नको. फक्त तिथलं तापमान खडक वितळण्याच्या जवळपास असतं, त्यामुळे तो घन खडक लाखो वर्षांच्या मापाने वाहतो.

पट्ट हलवणारी मुख्य शक्ती म्हणजे बुडणाऱ्या पट्टाची ओढ. समुद्राचा तळ मध्यसागरी पर्वतरांगेपाशी तयार होतो, दूर सरकत जातो तसा थंड आणि जड होतो, आणि शेवटी दुसऱ्या पट्टाखाली बुडतो. बुडताना मागचं सगळं ओढून नेतो. भारतीय पट्टाच्या उत्तर टोकाला असाच एक समुद्रतळ जोडलेला होता, टेथिस समुद्राचा. तो आशियाखाली बुडत राहिला आणि भारत त्याच्यामागे ओढला गेला. मादागास्करपासून आपण सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटलो. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी वेग वर्षाला १५ सेंमीच्या पुढे गेला होता, जो कुठल्याही पट्टासाठी प्रचंड आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपला आणि भारताचा खंडाचा कवच आशियाच्या कवचाला भिडला.

खंडाचा कवच हलका असतो, समुद्रतळासारखा गुमान बुडत नाही. त्यामुळे वेग उतरून वर्षाला ५ सेंमीच्या आसपास आला, पण थांबला नाही. समोरचा पट्ट बाजूला होत नाही आणि आपलाही खाली जात नाही, तेव्हा कवचाला फाटून स्वतःवरच चढावं लागतं. हिमालय हा अशा चढलेल्या चकत्यांचा ढीग आहे.

चकत्या क्रमाने तयार झाल्या. सर्वात उत्तरेला सिंधू-त्सांगपो नद्यांच्या काठाने दोन खंडांची शिवण आहे; टेथिसच्या तळाचे तुकडे तिथे चिरडून अडकलेले दिसतात. तिच्या दक्षिणेला आधी मेन सेंट्रल थ्रस्ट फुटला (थ्रस्ट म्हणजे एक चकती दुसरीवर चढते तो भंग, खडकातली चीर) आणि उच्च हिमालय त्यावरून सरकला. मग आणखी दक्षिणेला मेन बाउंड्री थ्रस्ट. आणि आजचा सक्रिय भंग म्हणजे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचा मेन फ्रंटल थ्रस्ट. खोऱ्याने ओली वाळू पुढे रेटली की खोऱ्यापुढे पाचर तयार होते आणि प्रत्येक नवी चीर आधीच्या चिरेच्या पुढे पडते, तसाच हा क्रम. खाली खोलवर हे तिन्ही एकाच सपाट भंगाला मिळतात, मेन हिमालयन थ्रस्टला. मोठे भूकंप या सपाट भंगावर होतात, म्हणून पुढच्या चर्चेत तोच लक्षात ठेवा.

रेवातीर

छान सुरुवात. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवाश्म सापडतात हे ऐकलंय. ते टेथिसच्या तळाचे का? आणि भारत भिडण्याआधीचे की नंतरचे?

भूस्तर

@रेवातीर, खूप आधीचे. एव्हरेस्टचा माथा चुनखडकाचा आहे, वय सुमारे ४५ ते ४७ कोटी वर्षं. त्यात ट्रायलोबाइट आणि समुद्रकमळांचे तुकडे आहेत. हे खडक उत्तर भारताच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साचले, म्हणजे भारताच्याच पट्टावर. खोल तळ बुडून गेला. किनाऱ्यालगतचा गाळ मात्र खंडाला चिकटलेला होता, तो उचलला गेला.

यातला एक नमुना अनेक मराठी घरांत देवघरात आहे. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे बहुतेक वेळा अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, काळ्या शेलमधल्या गोट्यात जपलेला. ते शेल जुरासिक काळातले, टेथिसच्या गाळातले. आतली चक्रासारखी वळणं म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचे कप्पे. नेपाळात मुस्तांगकडे हे थर उघडे पडले आहेत आणि काली गंडकी ते गोटे धुऊन खाली आणते.

नकाशेवाला

उंचीच्या बाजूची एक महत्त्वाची गोष्ट जोडतो. डोंगर नुसता वर नसतो, त्याहून कितीतरी जास्त खाली असतो.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशातला फरक दोन पद्धतींनी काढला, जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांवरून. उत्तरांत कोनाच्या ५.२४ सेकंदांचा फरक आला, जमिनीवर सुमारे १६० मीटर. कारण सांगितलं गेलं की हिमालयाचं वस्तुमान ओळंबा स्वतःकडे खेचतंय. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशोब केला तर खेच १५.९ सेकंदांची यायला हवी होती. म्हणजे डोंगर दिसतो तेवढा जड 'भरत' नव्हता. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उलगडा मांडला: डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं आणि ते जड प्रावरणात रुतून तरंगतं.

हिशोब सोपा आहे, करून बघा. कवचाची घनता २.८, प्रावरणाची ३.३. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ५ किमी. मूळ = ५ × २.८ ÷ (३.३ − २.८) = २८ किमी. सपाट प्रदेशातलं नेहमीचं कवच ३८ किमी धरा. एकूण ३८ + ५ + २८ = ७१ किमी. भूकंपलहरींनी मोजलेली तिबेटखालची कवचाची जाडी ७० किमीच्या आसपास येते.

यातून झिजेचंही कोडं सुटतं. नद्या वरून १ किमी खडक खरवडून नेतात तेव्हा उंची १ किमीने कमी होत नाही. भार हलका झाला की मूळ वर येतं आणि सुमारे ८५० मीटर भरून निघतं. म्हणून एकदा खोलवर भाजून निघालेले खडक आज उच्च हिमालयात उघड्यावर आहेत.

लोलक

आता भूकंपाकडे. वर भूस्तर यांनी 'सपाट भंग' म्हटलंय, तिथूनच धरतो.

भारत-आशिया एकूण जवळ येण्यातले वर्षाला सुमारे १८ ते २० मिमी एकट्या हिमालयात खपतात. बाकीचे तिबेट आणि त्याच्या पलीकडे. पण हे २० मिमी भंगावरून दर वर्षी सरकत नाहीत. पायथ्यापासून उत्तरेला सुमारे १०० किमीपर्यंत भंग घट्ट अडकलेला आहे. त्या टोकाला त्याची खोली १५ ते २० किमी होते. त्याहून खोल खडक इतका तापलेला असतो की तो न अडकता सरपटत राहतो. म्हणजे मागचा भाग सरकतोय, पुढचा अडकलाय आणि मधला खडक लवचिकपणे दाबला जातोय. अडकलेल्या टोकाच्या बरोबर वर, उच्च हिमालयाच्या दक्षिण उतारालगत, लहान भूकंपांचा पट्टा नेपाळभर दिसतो.

दाब घर्षणाच्या पलीकडे गेला की अडकलेला तुकडा सुटतो. दाबलेला खडक काही सेकंदांत मूळ आकारात येतो आणि लहरी बाहेर पडतात. सान फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतर भूशास्त्रज्ञ रीड यांनी सर्वेक्षणाच्या जुन्या-नव्या मोजमापांवरून हे मांडलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

२५ एप्रिल २०१५ चा नेपाळमधला ७.८ परिमाणाचा गोरखा भूकंप याचा सर्वात नीट मोजलेला हिमालयी नमुना. फाटायला सुरुवात काठमांडूच्या वायव्येला सुमारे ८० किमीवर झाली आणि चीर पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ३ किमी वेगाने, शहराच्या खालून पुढे धावली. जेमतेम ५० सेकंदांत सगळं झालं. काठमांडू दक्षिणेला दीड-दोन मीटर सरकलं आणि सुमारे १ मीटर वर उचललं गेलं. त्याच वेळी उत्तरेकडच्या उंच रांगा अर्ध्या मीटरहून जास्त खाली गेल्या. होय, भूकंपात उंच हिमालय खचला. दोन भूकंपांच्या मधल्या काळात मागून दाब येत असतो तेव्हा उंच रांगा वर्षाला काही मिमी चढतात. भूकंपात त्यातला लवचिक भाग परत जातो. भंगावरून चढून गेलेला खडक आणि कायमची मोडतोड तेवढी शिल्लक राहते. डोंगर त्या शिलकीतून बनतो.

रेवातीर

मग "लहान धक्के बसले की मोठा टळतो" हे का चूक? थोडा तरी ताण निघत असेलच ना.

लोलक

निघतो, पण किती ते बघा. परिमाणातल्या एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. ८ च्या भूकंपाची ऊर्जा ५ च्या धक्क्यांनी खर्च करायची तर ३२ × ३२ × ३२, म्हणजे ३२ हजारांच्या आसपास धक्के लागतील. रोज एक बसला तरी ८७ वर्षं. हिमालयात ५ चे धक्के असे रोज होत नाहीत.

दुसरं, लहान धक्के अडकलेल्या भागाच्या कडेला होतात, मुख्य कुलूप तसंच राहतं. उलट कधी कधी ते मोठ्याच्या आधी येतात. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरपासून लहान धक्के जाणवत होते आणि ३० सप्टेंबर १९९३ ला मोठा आला. अर्थात अशा बहुतेक धक्क्यांच्या मालिका मोठ्या भूकंपाविना विरतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघरमध्ये डहाणू-तलासरी भागात सुरू झालेल्या मालिकेत सर्वात मोठे धक्के ४ च्या आसपासच राहिले. दोन्ही प्रकार आधी सारखेच दिसतात. म्हणून लहान धक्क्यांवरून ना दिलासा काढता येतो, ना तारीख.

साठलेला ताण मोजायची रीत वेगळी आहे. वर्षाला २ सेंमी, एखादा तुकडा ५०० वर्षं सुटलेला नसेल तर १० मीटर सरक थकलेली. १९०५ च्या कांगड्याच्या आणि १९३४ च्या बिहार-नेपाळच्या भूकंपांनी फाटलेल्या तुकड्यांमध्ये उत्तराखंड आणि पश्चिम नेपाळ येतो. तिथला शेवटचा खूप मोठा भूकंप १५०५ चा मानला जातो. १८०३ मध्ये गढवालात मोठा झाला, पण त्याने सगळी थकबाकी फेडली असं दिसत नाही. काळजी या पट्ट्याची आहे.

सागरगोटा

परिमाण ७.८ हे आकडे येतात कुठून? भूकंपमापकावरची रेघ किती उंच गेली त्यावरून?

लोलक

रिश्टर यांची १९३५ ची मूळ पद्धत तशीच होती, पण मोठ्या भूकंपांत ती अडते, रेघेची उंची वाढायची थांबते. आता आघूर्ण परिमाण वापरतात, म्हणजे फाटलेलं क्षेत्र, सरक आणि खडकाची दृढता यांच्या गुणाकारावरून काढलेलं. गोरख्याचंच करून बघू.

फाटलेला तुकडा सुमारे १३० किमी × ६० किमी, म्हणजे ७.८ अब्ज चौरस मीटर. सरासरी सरक ३ मीटर. खडकाची दृढता ३० अब्ज पास्कल. तिन्हींचा गुणाकार सुमारे ७ × १० चा २० वा घात न्यूटन-मीटर. याचा १० पायाचा लॉगरिदम २०.८५. त्यातून ९.१ वजा करा, ११.७५. त्याचे दोन तृतीयांश, ७.८३.

उलटंही करता येतं. किल्लारीच्या ६.२ साठी १ मीटर सरक धरली तर फाटलेलं क्षेत्र सुमारे ८४ चौरस किमी निघतं, म्हणजे जेमतेम ९ × ९ किमी. लातूर जिल्ह्याच्या मानाने ठिपका. आणि ९ चा भूकंप का फक्त बुडणाऱ्या पट्टांपाशीच होतो तेही यातून कळतं: २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रा-अंदमानपाशी १,२०० किमीहून लांब भंग फाटला. एवढा सलग, मंद उताराचा भंग दुसरीकडे मिळत नाही. १९६० च्या चिलीतल्या ९.५ चंही तेच, तिथे नाझका पट्ट अँडीजखाली बुडतोय.

अंतर काढायची युक्तीही सांगून ठेवतो. नोंदीवर आधी प्राथमिक लहर येते, सेकंदाला ६ किमीच्या आसपास. मग दुय्यम, ३.५ किमी. दोघींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणा, किमीमध्ये अंतर मिळतं. १५ सेकंदांचा फरक म्हणजे १२० किमी. तीन केंद्रांवरून तीन वर्तुळं काढली की ती जिथे भेटतात तिथे अपिकेंद्र. वर्तुळं एका बिंदूत न मिळता छोटा त्रिकोण करतात तेव्हा नाभी (भंग फाटायला सुरुवात होते ती जमिनीखालची जागा) खोल असते, घड्याळं जुळलेली नसतात किंवा धरलेला लहरींचा वेग त्या भागाला लागू नसतो.

देवराई

वाखू (वाचनखूण) साठवली. आता घरचा प्रश्न. सह्याद्री कुठल्या धडकेतून आला? शाळेत 'वली पर्वत' आणि 'ठोकळ्याचे पर्वत' शिकलो, सह्याद्री नेमका कशात बसवायचा?

भूस्तर

@देवराई, धडकेतून आलेलाच नाही. कुठल्याही घाटात कड्याकडे बघा: काळ्या पाषाणाचे थर आडवे, एकावर एक, मधे कुठे कुठे तांबड्या मातीचे पट्टे. धडक झाली असती तर हे थर वळ्या पडून, उलटेपालटे झालेले दिसले असते. हे लाव्हाचे प्रवाह आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, दख्खन ज्वालामुखीचे. आज उरलेला व्याप सुमारे ५ लाख चौरस किमी. तेव्हा भारत आज रियुनियन बेट जिथे आहे त्या उष्ण जागेवरून जात होता.

कडा तयार झाला तो तुटण्यातून. लाव्हा थंडावत असतानाच सेशेल्सचा तुकडा पश्चिमेला सुटला. तुटलेल्या खंडाची कड उचलली जाते, समोर समुद्र असल्याने नद्या उभ्या उताराने मागे मागे कापत जातात आणि कडा किनाऱ्यापासून आत सरकतो. पठाराच्या बाजूने हळू उतार आणि कोकणाच्या बाजूने धाडकन तुटलेला कडा, याचं कारण हे. पनवेल-कल्याणकडे थर समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात, ती त्या तुटण्याची खूण. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, पण ती उंची रचलेल्या थरांची आणि झिजेतून उरलेल्या भागाची.

सागरगोटा

मग डोंगर धडकेचा नाही आणि पट्टाची कडाही हजारो किमी लांब, तर कोयना का हादरली? धरणामुळेच झालं ना?

लोलक

'धरणामुळे' या शब्दाचे दोन अर्थ होतात, ते वेगळे करू.

भारतीय पट्ट उत्तरेकडे रेटला जातोय आणि समोर हिमालय अडवतोय. तो दाब फक्त टोकाला राहत नाही, टणक पट्टातून दक्षिणेपर्यंत पोचतो. पट्टात जुने भंग आहेत, कित्येक कोट्यवधी वर्षांचे, आणि कोयनेत ते सुमारे १ किमी जाडीच्या काळ्या पाषाणाखाली, ग्रॅनाइटी पायात दडलेले आहेत. त्यातले काही तुटण्याच्या अगदी बेतात असतात. ऊर्जा या दाबाची.

धरणाने काय केलं? कोयनेचा शिवसागर जलाशय भरायला १९६०-६२ च्या सुमारास सुरुवात झाली. आजच्या पूर्ण क्षमतेला १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे ३०० कोटी टन पाणी. ऐकायला प्रचंड, पण १०० मीटर पाण्याचा दाब सुमारे १० बार. भूकंपात सुटणारा ताण १० ते १०० बार. म्हणजे पाण्याच्या वजनाने भंग तोडणं अवघड. जो भंग आधीच काठावर आहे त्यालाच ढकलता येतं. महत्त्वाचं काम वजनाचं नसून भेगांतल्या पाण्याचं आहे. ते खोल झिरपतं, भंगाच्या दोन बाजूंना आतून दाब देतं आणि एकमेकींवर घट्ट बसलेल्या बाजूंचं घर्षण कमी होतं.

पुरावा वेळापत्रकात आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की पुढचे काही महिने धक्के वाढतात. पाणी आठवड्याला साधारण १२ मीटरहून वेगाने चढलं आणि आधीच्या कमाल पातळीच्या वर गेलं तर ५ च्या वरच्या धक्क्याची शक्यता वाढते, असं तिथल्या नोंदींवरून आढळलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ चा भूकंप हा जलाशयाने चाळवलेला जगातला सर्वात मोठा मानला जातो. १९८५ मध्ये वारणेचा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचा प्रदेश दक्षिणेकडे सरकला. सगळा खेळ २० × ३० किमीच्या टापूत, खोली बहुतेक १० किमीच्या आत. म्हणूनच हा जगातला सर्वात सोयीचा प्रयोगप्रदेश ठरला आणि कराडच्या संशोधन केंद्रामार्फत ३ किमी खोल विंधन विवर घेऊन भंगाजवळचं तापमान, दाब आणि पाणी मोजायचं काम झालं.

तेव्हा "ऊर्जा पट्टाची, चाळवणूक धरणाची" असं म्हणणं बरोबर. सगळं धरणावर टाकलं की धरण नसलेल्या ठिकाणी आपण निर्धास्त राहतो.

मातीकाम

+१, आणि किल्लारी हा त्या निर्धास्तपणाचाच दाखला. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंप ६.२, जगात दर वर्षी असे शंभरावर होतात. नाभी खूप उथळ, वेळ पहाटे ३.५६, अनंत चतुर्दशीनंतरची रात्र, लोक गाढ झोपेत. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गेली ती माळवदाखाली आणि दगडी भिंतींखाली.

यातलं बांधकाम नीट समजून घ्या, कारण अशी घरं अजून आहेत. माळवदावर मातीचा थर ५० सेंमी धरला, खोली ३ × ३.६ मीटर, तर ५.४ घनमीटर माती. घनमीटरला १.७ टन धरून ९ टनांहून जास्त वजन एका खोलीवर. धक्क्याचं बल वजनाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे जड छप्पर स्वतःच भिंतींना हिसका देतं. भिंत बाहेरून जाडजूड दिसते, ६० सेंमी किंवा जास्त, पण आत दोन वेगळ्या भिंती: बाहेरची दगडांची रांग, आतली रांग आणि मधे चुरा-माती. हादरलं की चुरा खाली बसतो, दोन्ही रांगांना आतून रेटतो, बाहेरची रांग फुगून पडते. मग तुळया आधाराविना उरतात.

दुरुस्तीत करायच्या गोष्टी याच कारणांना धरून आहेत. छपरावरची माती उतरवा, हे पहिलं आणि सर्वात स्वस्त. भिंतीच्या आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे उंचीत दर ६० सेंमीला आणि आडव्यात दर १.२ मीटरला. नवी दगडी भिंत ४५ सेंमीहून जाड नको. जोते, दारं-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छप्पर, इथे काँक्रीटचा सलग पट्टा: उंची किमान ७५ मिमी, दोन सळया, दर १५० मिमीला ६ मिमीची रिंग. सर्वात जास्त चूक कोपऱ्यात होते. पट्ट्याची सळई कोपऱ्यावर संपवतात, वळवून दुसऱ्या भिंतीत नेत नाहीत. तसा पट्टा असून नसल्यासारखा, कारण पहिली उभी चीर कोपऱ्यातच पडते.

देवराई

आणि फ्लॅटवाल्यांनी काय बघायचं? मुंबई-पुणे भूकंपधोक्याच्या कुठल्या पट्ट्यात?

मातीकाम

२००२ च्या नकाशाप्रमाणे मुंबई, पुणे आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात, कोयना परिसर चौथ्यात, नागपूर दुसऱ्यात; आकडा मोठा तितका धोका जास्त. पट्टा हा बांधकामाचा किमान नियम ठरवतो, तिथे भूकंप होणार की नाही ते सांगत नाही.

इमारतीत आधी तळमजला बघा. खाली मोकळं पार्किंग, नुसते खांब, आणि वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतील तर वरचा भाग ताठ आणि खालचा लवचिक होतो. सगळी हालचाल तळमजल्याच्या खांबांवर येते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत, अपिकेंद्रापासून २०० किमीहून लांब, अशा इमारती कोसळल्या. बांधकाम चालू असेल तर खांबातल्या रिंगांची टोकं बघा. ती ९० अंशात नुसती दुमडलेली नकोत, १३५ अंशात वळवून काँक्रीटच्या गाभ्यात गेलेली हवीत. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की ९० अंशाची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. तुळई-खांबाच्या सांध्यात रिंगा गाळायची सवय तर सर्रास आहे, कारण तिथे हात पोचत नाही. पण खांबाला सर्वात जास्त ताण तिथेच येतो.

रेवातीर

शेवटचा प्रश्न. दिल्लीत बऱ्याचदा हिंदुकुशचा भूकंप जाणवतो, परिमाण ७ च्या वर असतं, तरी नुकसान नाही. अंतरामुळे?

लोलक

अंतर आणि खोली दोन्ही. हिंदुकुशखाली पट्टाचा एक तुकडा जवळजवळ उभा लोंबतोय आणि भूकंप २०० किमीच्या आसपास खोलीवर होतात. २६ ऑक्टोबर २०१५ चा ७.५ चा तसाच. भूकंपाच्या बरोबर वर उभं राहिलं तरी २०० किमी अंतर आहेच, त्यामुळे हादरा विस्तीर्ण भागात पसरतो पण कुठेही फार तीव्र होत नाही. दिल्लीपर्यंत पोचेतो जलद कंपनं विरतात, सावकाश झुलवणारी उरतात. म्हणून पंखे हलतात, दहाव्या मजल्यावर गरगरतं आणि तळमजल्यावर काही कळत नाही.

काठमांडूत २०१५ ला हेच उलट्या बाजूने दिसलं. खोऱ्यात जुन्या तळ्याचा शेकडो मीटर गाळ आहे. तो ४-५ सेकंदांच्या संथ लयीत डोलला. बुटक्या घरांना ती लय लागू पडत नाही, धरहरा मनोऱ्यासारख्या उंच बांधकामांना पडते. घरं पडली, पण ७.८ च्या मानाने भीती होती त्याहून कमी. डोंगरातल्या गावांत मात्र मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंती होत्या, त्या वर मातीकाम यांनी सांगितलं तशाच फुटल्या. उत्तराखंडाच्या पट्ट्यात पुढचा भूकंप होईल तेव्हा लय कोणती असेल हे भंग कुठून कुठे फाटतो यावर ठरेल. हादरा पोचण्याआधी इशारा देणारी सूचना यंत्रणा तिथे २०२१ पासून सुरू आहे. दुय्यम लहर २०० किमीवर पोचायला सुमारे ५७ सेकंद लागतात, त्यातले ओळखण्यात आणि संदेश पाठवण्यात जाणारे १०-१५ वजा केले तरी सखल भागातल्या शहरांना ४० च्या आसपास उरतात. अपिकेंद्रापासून ३० किमीवरच्या गावाला मात्र एकूण ८-९ सेकंद असतात, म्हणजे सूचना आणि हादरा जवळजवळ एकत्र. त्या गावांसाठी मातीकाम यांचा कोपऱ्यातल्या सळईचा मुद्दा यंत्रणेआधी येतो.